साडेसहा टन उचलले, तरी बाही सैलच

पत्राचा सारांश: नाशिकचे एक वाचक. वय ४१, वजन ६८ किलो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर, पाळी दर आठवड्याला बदलते. घर माळकरी, त्यामुळे अंडं-मटण नाही. दीड वर्षापासून सिडकोत घराजवळच्या जिमला जातात. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने सुरुवातीला एक प्लॅन लावून दिला: रोज एकच अवयव, पण सेट (एका दमात केलेल्या उचलींचा गट) भरपूर. सोमवारी छातीचे २३ सेट. भाच्याच्या अ‍ॅपमध्ये त्या एका दिवसाची बेरीज ६,६०० किलो येते. आठेक महिन्यांनी जिममधल्या सरांनी हा सगळा टाइमपास ठरवला आणि जड वजनावर पाच-पाच रेप्सचे (उचलींचे) पाच सेट सुरू केले. बेंच (पाठीवर पडून छातीवरून रॉड ढकलणं) ४५ वरून ५५ किलोवर गेला, पण उजवा खांदा धरला. आता पुन्हा भाच्याचाच प्लॅन चालू आहे आणि शर्टाची बाही होती तेवढीच सैल आहे. सर म्हणतात, ‘वजन वाढव.’ भाचा म्हणतो, ‘मामा, व्हॉल्यूम वाढव,’ म्हणजे सेट-रेप्सचं एकूण काम. वाचक विचारतात, ‘दोघांपैकी बरोबर कोण? की चाळिशीनंतर हे होणारच नाही? एकदा काय ते सांगून टाका.’ पत्रासोबत जिमच्या वहीतल्या दोन पानांचा फोटो आहे.

नमस्कार,

वहीचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. तो नसता तर मीही भाचा आणि सर यांच्यात पंच होऊन बसलो असतो.

आधी भाच्याच्या काळातलं पान बघू. सोमवार, बेंच, ४० किलो: १२, १२, १२, १२. पुढचा सोमवार, ४० किलो: १२, १२, १२, १२. त्याच्या पुढचा, तेच. इन्क्लाइन (तिरक्या बाकावरचा बेंच) ३५ किलो: १२, १२, १२, १२. फ्लाय, केबल, सगळीकडे आकडे कवायतीला उभे केल्यासारखे एका रांगेत. शेजारी कोपऱ्यात तुम्हीच लिहिलंय, ‘रेस्ट १ मि.’

आता सांगा, एका मिनिटाच्या विश्रांतीवर चौथ्या सेटलाही बाराच होत असतील, तर पहिला सेट कितपत अवघड गेला असेल? ज्या वजनावर जेमतेम बारा होतात, त्याचा सेट मारून मिनिटभराने पुन्हा बसलात तर नऊ-दहा होतात, मग आठ, मग सात. दमलेला स्नायू तेवढीच कामगिरी पुन्हा करत नाही. तुमच्या वहीतला पहिला बारा हा खरं तर ‘सोळा-सतरा झाले असते, पण प्लॅनमध्ये बारा लिहिलंय म्हणून थांबलो’ असा बारा आहे. दुसरा-तिसराही साधारण तसाच. चौथ्याला कदाचित थोडा घाम निघाला असेल.

तुम्ही सुपरवायझर आहात, म्हणून तुमच्याच भाषेत विचारतो. पाळी संपताना नग मोजता तेव्हा रिजेक्शन वजा करता ना? अ‍ॅप ते करत नाही. सेट गुणिले रेप्स गुणिले किलो एवढंच त्याला येतं. त्यातला कोणता सेट स्नायूला पुरेसा अवघड गेला हे त्याला दिसत नाही. म्हणून भाच्याचे साडेसहा टन आणि सरांचे जेमतेम १.४ टन (५५ किलो, पाच रेप्स, पाच सेट) यांची तुलना करून कोण जास्त मेहनत घेतो हे ठरत नाही.

आता दुसरं पान, सरांच्या काळातलं. ५५ किलो: ५, ५, ५, ५, ५. प्रत्येक ओळीपुढे बारीक अक्षरात ‘शेवटचे २ सरांचा हात’. प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून कौतुकच आहे, पण याचा अर्थ ते पाच नव्हते, तीन होते. ‘उठव भाऊ, तुझंच आहे, तुझंच आहे’ असं ओरडत स्पॉटरने (मागे उभं राहून रॉड सांभाळणाऱ्याने) रॉड वर खेचला की शेवटच्या दोन रेप्समध्ये तुमचे किती किलो आणि सरांचे किती, हे सांगता येत नाही. शिवाय वजन दर आठवड्याला वाढवायचंच म्हटल्यावर कोपर बाहेर जातात, पाठ उचलते, खांदा पुढे येतो. बहुतेक तिथेच तो दुखावला.

म्हणजे पहिल्या प्लॅनमध्ये सेट होते पण ते अवघड नव्हते. दुसऱ्यात वजन होतं पण ते पूर्ण तुमचं नव्हतं. दोघांपैकी चूक कोण, हा प्रश्न त्यामुळे मी बाजूला ठेवतो. दोन्ही गोष्टी एकदाही धड करून न बघता तुम्ही दोन्ही नापास केल्यात, असं माझं मत आहे.

मुळात वजन आणि सेट यांचं भांडण लावायची गरजच नाही. स्नायू वाढायला त्यातल्या तंतूंवर ताण यावा लागतो, आणि तो जास्तीत जास्त तंतूंवर यावा लागतो. हलकं काम असलं की शरीर छोट्या, चिवट तंतूंवर भागवतं. मोठे, ताकदीचे आणि वाढण्याची जास्त क्षमता असलेले तंतू ते राखून ठेवतं. जड वजन उचललं की पहिल्या रेपपासूनच ते मोठे तंतू कामाला लागतात. हलक्या वजनात छोटे थकत जातात तेव्हा, म्हणजे शेवटच्या काही रेप्सना, मोठ्यांना बोलावणं जातं. म्हणून हलक्या वजनानेही अंग भरतं, पण अट एकच: सेट जवळजवळ आणखी निघणार नाही इथपर्यंत न्यायचा. तुम्ही बाराला थांबत होतात, म्हणजे नेमकं बोलावणं जायच्या आधी.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधीपासून जिम करणारी ४९ तरुण मुलं, १२ आठवडे. एका गटाला २०-२५ रेप्स निघतील असं वजन, दुसऱ्याला ८-१२ निघतील असं. दोघांनी सेट दमेपर्यंत न्यायचा. स्नायूंची वाढ दोन्ही गटांत जवळपास सारखी निघाली. फरक पडला तो बेंचवर एकदाच जास्तीत जास्त किती उचलता येतं त्यात, तिथे जड गट पुढे गेला. याला खालून मर्यादा आहे. २०१८ च्या एका अभ्यासात कमाल वजनाच्या ४०, ६० आणि ८० टक्क्यांवर वाढ साधारण सारखी मिळाली, २० टक्क्यांवर मात्र ती उणी पडली. तेव्हा तीन किलोचे गुलाबी डंबेल घेऊन शंभर रेप्स मारण्यात वेळ घालवू नये.

मग सगळं जडच का करू नये, असं सर विचारतील. २०१४ मध्ये अमेरिकेतले संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. एका गटाला १० रेप्सचे ३ सेट, दुसऱ्याला ३ रेप्सचे ७ सेट, म्हणजे उचललेल्या किलोंची बेरीज साधारण सारखी. आठ आठवड्यांनी दंडाची जाडी दोघांचीही सारखीच वाढली. ताकद जड गटाची जास्त वाढली. पण जड गटाला एकेका दिवसाला सत्तर मिनिटांच्या आसपास लागायची, दुसऱ्याला सतरा-अठरा, आणि सांधे दुखण्याच्या तक्रारी जड गटात होत्या. तुमचं वय, खांदा आणि कामाचे तास बघता या हिशेबात तुम्ही कुठे बसता ते वेगळं सांगायला नको.

इथे एक प्रश्न तुम्हाला स्वतःला विचारावा लागेल. तुम्हाला ताकद हवी आहे की आकार? पत्रात बाहीचा उल्लेख तीनदा आहे, ५५ किलोचा एकदा. आपल्याच जिल्ह्यातली मनमाडची आकांक्षा व्यवहारे बघा. २०२२ मध्ये मेक्सिकोत झालेल्या युवा जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत तिने ४० किलो गटात रौप्य मिळवलं. स्वतःच्या वजनाहून कितीतरी जास्त वजन डोक्यावर, आणि शरीराचं वजन मात्र गटाच्या मर्यादेतच ठेवायचं. त्या खेळात तंत्र, वेग आणि मज्जासंस्थेची तयारी यांना आकाराहून जास्त किंमत आहे. ताकद आणि आकार एकमेकांचे नातेवाईक असले तरी एका घरात राहत नाहीत. तुमच्या सरांचा प्लॅन ताकदीसाठी वाईट नव्हता, फक्त तुमच्या बाहीसाठी तो थोडा लांबचा रस्ता होता.

आणि हा वाद नवा नाही, बरं का. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे पाय पुन्हा कामाला लावण्यासाठी शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाच्या डॉक्टरने वजनांचे व्यायाम सुरू केले. १९४५ मध्ये त्याने लिहिलेल्या पद्धतीत एका व्यायामाचे सत्तर ते शंभर रेप्स होते, दहा-दहाच्या सेटमध्ये. तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, सहकारी वॉटकिन्सबरोबर लिहिताना त्यानेच तो आकडा जास्त होता म्हणून वीस-तीसवर आणला: दहाचे तीन सेट, पहिले दोन हलके आणि तिसरा पूर्ण वजनाचा. आज जिमच्या भिंतीवर ‘३ × १०’ लिहिलेलं असतं त्याचं मूळ तिथे जातं.

पण याचा अर्थ सेट कमी तेवढे चांगले असाही घेऊ नका. भाचा पूर्ण चुकलेला नाही. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा असं दिसलं की एका स्नायूला आठवड्यात पाचपेक्षा कमी सेट, पाच ते नऊ आणि दहा किंवा जास्त असे गट केले, तर वाढ सेटच्या संख्येबरोबर चढत जाते. म्हणजे व्हॉल्यूमला किंमत आहेच. पण तिथले सेट अवघड सेट होते, बारा-बारा-बारा-बारावाले नव्हते. आणि एकाच सोमवारी तेवीस मारले तर आठव्या-दहाव्या सेटनंतरचं काम पाट्या टाकल्यासारखं होतं. तेच सेट आठवड्यात दोन-तीन दिवसांत वाटले की प्रत्येक सेट ताज्या अंगाने होतो. भाचा ज्यांचे व्हिडिओ बघतो त्यांचा दिवस व्यायाम, जेवण आणि झोप याभोवती बेतलेला असतो, आणि त्यातल्या काहींच्या शरीरात आणखी काय काय जातं ते व्हिडिओत येत नाही. तुम्हाला सकाळी सातला पंचिंग करायचं असतं.

सेट मोजताना आणखी एक गोष्ट सुटते. बेंच मारताना ट्रायसेप (दंडाची मागची बाजू) आणि खांद्याचा पुढचा भागही राबतो. लॅट पुलडाउन (वरचा दांडा खाली ओढणं) आणि रोईंगमध्ये (वजन अंगाकडे ओढणं) बायसेप, म्हणजे दंडाची पुढची बाजू, राबतो. तुमच्या प्लॅनमध्ये सोमवारी छाती, मंगळवारी खांदे आणि बुधवारी ट्रायसेप आहेत. म्हणजे खांद्याचा पुढचा भाग लागोपाठ दोन दिवस आणि ट्रायसेप सलग तीन दिवस कामावर, सुट्टी नाही. खांदा धरण्याचं सगळं पाप सरांच्या माथी मारू नका.

आता करायचं काय ते सांगतो.

वारांचा प्लॅन फाडून टाका. फिरत्या पाळीत ‘सोमवार म्हणजे छाती’ टिकत नाही. एक सोमवार बुडाला की छाती थेट पुढच्या आठवड्यावर जाते. त्याऐवजी दोन दिवस बनवा, ‘अ’ आणि ‘ब’. जिमला ज्या दिवशी जाल त्या दिवशी मागच्या वेळी केलेला सोडून दुसरा करायचा, वार कोणताही असो. ‘अ’ मध्ये स्क्वॉट, डंबेल प्रेस आणि बसून केबल रोईंग, तिघांचे तीन-तीन सेट. मग खांद्याच्या बाजूचे लॅटरल रेझ आणि बायसेप कर्ल दोन-दोन. ‘ब’ मध्ये रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेत वाकून वजन उचलणं), लॅट पुलडाउन आणि इन्क्लाइन डंबेल प्रेस तीन-तीन, मग ट्रायसेप पुशडाउन, कर्ल आणि पोटरी दोन-दोन. आठवड्यात तीनदा गेलात तर छातीला नऊ सेट होतात. तेवीसवरून नऊ! भाचा कपाळाला हात लावेल. लावू द्या.

हे नऊ मात्र खरे हवेत. मोठ्या व्यायामांना सहा ते बारा रेप्स निघतील असं वजन, कर्ल आणि लॅटरल रेझसारख्या छोट्यांना बारा ते वीस. प्रत्येक सेट अशा ठिकाणी थांबवा की अजून एक-दोन, फार तर तीन रेप्स नीट निघाले असते. हे ‘अजून किती’ ओळखायला शिकावं लागतं, कारण नवखा माणूस जळजळ सुरू झाली की संपलं असं समजतो. अंदाज तपासायला महिन्यातून एकदा, शेवटचा सेट, तोही मशिनवर किंवा केबलवर, खरंच निघेनासा होईपर्यंत न्या. तुम्ही दोन शिल्लक म्हणत होतात आणि सहा निघाले, तर समजून घ्या. छातीवर रॉड घेऊन एकट्याने हा प्रयोग कधीही करायचा नाही.

मोठ्या व्यायामांत दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं थांबा. एक मिनिटाच्या विश्रांतीत दम लागतो, घाम येतो, काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण पुढच्या सेटचे रेप्स पडतात. मोबाइल बघायला तीन मिनिटं पुरतात, फक्त बेंच अडवून बघू नका.

वजन कधी वाढवायचं? समजा रोईंगला ४० किलोवर ११, ९, ८ निघाले. पुढच्या वेळी वजन तेच, रेप्स वाढवायचा प्रयत्न: ११, १०, ९. असं करत तीनही सेट बाराला भिडले की अडीच किलो वाढवा आणि पुन्हा खालून सुरू करा. रॉडवर काम करताना एक अडचण येते. बऱ्याच जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची असते, म्हणजे दोन्ही बाजूंना लावली की थेट पाच किलोची उडी. चाळीसवर पाच म्हणजे साडेबारा टक्के. ती एका आठवड्यात झेपत नाही आणि मग स्पॉटरचा हात लागतो. सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतः विकत घ्या आणि बॅगेत ठेवा. प्रोटीनच्या डब्यापेक्षा स्वस्त पडतात आणि दहा वर्षं टिकतात.

सेट वाढवायची वेळ याच्यानंतर येते. सहा-आठ आठवडे रेप्स किंवा वजन सरकत असेल तर सेटना हात लावू नका. सरकणं थांबलं, पण झोप ठीक आहे, सांधे कुरकुरत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग मोकळं होतंय, तर एकाच स्नायूला आठवड्यात दोन सेट वाढवा. तुमच्या बाबतीत दंडालाच वाढवा, शेवटी बाहीचं दुखणं आहे. उलट रेप्स मागे येत असतील, दुखणं चार-चार दिवस टिकत असेल, जिमला जायचाच कंटाळा येत असेल, तर सेट कमी करायचे. अंग दुखतंय म्हणजे वाढतंय, हा समजही सोडा. नवा व्यायाम किंवा मोठी सुट्टी झाल्यावर कोणाचंही अंग दुखतं. त्र्यंबकला पायी जाऊन आल्यावर पोटऱ्या दुखतात, म्हणून त्या वाढलेल्या नसतात.

रात्रपाळीचा आठवडा हा तुमच्या पत्रातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलात. रात्रभर लाइनवर उभं राहून, दिवसा ट्रॅफिकच्या आवाजात पाच तास झोपून, संध्याकाळी तेवीस सेट! अशा आठवड्यात सेट निम्मे करा, पण वजन कमी करू नका. २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात काही महिने व्यायाम केल्यावर लोकांचे सेट एक तृतीयांशावर आणि काहींचे एक नवमांशावर आणले, वजन मात्र तेवढंच ठेवलं. तरुणांनी कमावलेला स्नायू पुढचे बत्तीस आठवडे टिकवला. साठीच्या पुढच्यांना तो टिकवायला जास्त काम लागलं. तुम्ही दोघांच्या मधले आहात, तेव्हा एका आठवड्यात निम्मे सेट केल्याने काही बिघडत नाही. प्रत्येक व्यायामाचे दोन सेट, आठवड्यात जिमला दोन फेऱ्या, संपलं. पाळी बदलली की पुन्हा पूर्ण. शिवाय यामुळे तुम्हाला वेगळा ‘डीलोड’ (मुद्दाम हलका ठेवलेला) आठवडा शोधावा लागणार नाही, कंपनीच तो आणून देते. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जात असाल तर त्या आठवड्यात स्क्वॉटलाही सुट्टी.

चाळिशीचं विचारलंत. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूचा आडवा छेद नऊ टक्क्यांनी. नव्वदीत! एक्केचाळिसाव्या वर्षी वयाला दोष देणं जरा घाईचं होतंय.

दोष द्यायचाच तर ताटाला थोडा द्या. २०१८ मध्ये ४९ अभ्यासांची छाननी झाली, त्यात शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅम प्रथिनांच्या पुढे फारसा जादा फायदा दिसला नाही. तुम्हाला म्हणजे ११० ग्रॅमच्या आत-बाहेर. माळकरी घरात हे जमतं, पण आपोआप जमत नाही. अर्धा लिटर दूध-दह्यातून सोळा, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांतून पंचवीस, शंभर ग्रॅम पनीरमधून अठरा, दोन वाट्या घट्ट उसळ किंवा वरणातून पंधरा-अठरा, सहा पोळ्यांतून तेवढेच, मूठभर शेंगदाण्यांतून सात. शंभरीच्या आसपास आलो. उरलेलं भरायला व्हे प्रोटीन घेतलं तर हरकत नाही. ते दुधापासूनच होतं, माळेच्या आड येत नाही. रविवारी व्यायामानंतर मिसळ ‘प्रोटीनसाठी’ खातो असं तुम्ही लिहिलंय. नाशिकच्या माणसाला मिसळ सोडा असं मी सांगणार नाही, पण एकदा वाटीतली मटकी चमच्याने वेगळी काढून बघा. बाकी तर्री आणि फरसाण आहे. आवडीसाठी खा, हिशेबात धरू नका. एकादशीला साबुदाण्यावर राहत असाल तर त्या दिवशी जिम नको, किंवा दूध-दाणे वाढवा.

प्लॅन किमान बारा आठवडे बदलायचा नाही. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, व्यायामाआधी, सैल सोडलेल्या दंडाला टेप लावा आणि वजन लिहा. बाही हे माप नव्हे, शर्ट धुतल्यावर आटतात. बारा आठवड्यांत वजन अजिबात हललं नाही आणि रेप्सही नाहीत, तर खाणं कमी पडतंय. एखादी पोळी आणि ग्लासभर दूध वाढवून बघा.

अशीच पत्रं इतरांचीही येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. घरी फक्त दहा किलोचे दोन डंबेल असलेल्यांनी वजनासाठी अडून बसू नये. वीस-पंचवीस रेप्सपर्यंत सेट न्या, खाली येताना तीन सेकंद घ्या, बैठका एका पायावर करा. जुन्या नाशकातल्या तालमींत जोर-बैठकांवरच अंगं कमावली गेली, आणि बैठका सोप्या झाल्या की जोडीदाराला खांद्यावर बसवायची रीत तिथलीच आहे. ‘जड उचललं तर पुरुषी दिसेन का’ असं विचारणाऱ्या भगिनींनो, नाही. वरचे सगळे नियम तुम्हाला जसेच्या तसे लागू आहेत. आणि ज्यांना जिम सुरू करून दोन महिनेही झाले नाहीत त्यांनी सेट मोजत बसू नये. एका स्नायूला आठवड्याला पाच-सहा नीट सेटवरही नवख्याचं अंग भरतं. आधी फॉर्म, म्हणजे व्यायामाची नीट पद्धत, बसू द्या.

राहिला खांदा. सध्या रॉडचा बेंच बंद. डंबेल तळवे एकमेकांकडे करून धरा, कोपर अंगापासून थोडेच लांब ठेवा, आणि जिथे टोचतं त्याच्या वरच थांबा. व्यायाम करताना किंचित जाणवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं असलं तर चालू ठेवा. सकाळी वाढलेलं असलं तर पुढच्या वेळी वजन कमी करा. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात वर नेताना ताकदच लागत नसेल किंवा बोटांपर्यंत मुंग्या येत असतील, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ, मग जिम. सरांना हे तुम्हीच सांगा. लपवून सेट मारणारे बघितलेत मी.

आणि नवा प्लॅन सुरू करायच्या आधी, याच आठवड्यात, कंपनीच्या दवाखान्यात रक्तदाब मोजून घ्या. श्वास कोंडून जड वजन ढकलताना तो काही क्षणांसाठी बराच वर जातो. तरण्या माणसाला ते चालून जातं, फिरत्या पाळीतल्या एक्केचाळिशीच्या माणसाने आधी बघून घ्यावं. जास्त निघाला तर सहा-सहा रेप्सचं जड काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि बारा-पंधराचं चालू ठेवायचं का हेही त्यांनाच विचारा.